फुगलेले गाल आणि लपवलेल्या कांजिण्या

माझ्या मुलीच्या गालांचं ज्यांनी ज्यांनी कौतुक केलं, त्या सगळ्यांना एका लाल गाडीत भरून कसारा घाटाच्या मधोमध उतरवून यावं, अशी माझी फार इच्छा आहे. एका गाडीत मावणार नाहीत म्हणा. गणपतीला सोडतात तशा जादा गाड्या सोडाव्या लागतील.

मी एसटीत कंडक्टर आहे, ठाण्याच्या खोपट डेपोला. मी खोपटला 'चला भिवंडीऽऽ' म्हटलं की भिवंडीच्या स्टँडवरची माणसं पिशव्या उचलतात, असा माझा आवाज. वाढवून सांगायची खोड जुनीच. म्हणून हे लिहायला बसले तेव्हा माझ्या नवऱ्यानं, दिनेशनं, आधीच दम दिला, "वंदना, आजाराबद्दल लिहितेयस. फेकू नकोस." तर ऐका. आजाराचं सांगितलंय तेवढं सगळं खरं. माणसांचं थोडं इकडेतिकडे झालं असेल. राग मात्र कमी करून लिहिलाय. आहे तसा लिहिला असता तर कागदानं पेट घेतला असता.

ज्यांच्या पोराला नुकतंच 'नेफ्रोटिक सिंड्रोम' म्हणून सांगितलंय आणि जे आत्ता हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये भलतंसलतं वाचतायत, त्यांच्यासाठी हे आहे. मोबाइल ठेवा. ते वाचून मीही मनातल्या मनात मुलीला मारूनच टाकलं होतं.

अंगानं भरली हो!

आर्वी सहा वर्षांची होती. पोर म्हणजे काडी. शाळेच्या गॅदरिंगला इतर मुलांना झाड केलं, हिला फांदी केलं. आणि मग बघता बघता तिचे गाल वर आले.

आमची डोंबिवलीची सोसायटी खूश झाली. दुधवाला खूश, इस्त्रीवाला खूश. "काय खायला घालता हो?" म्हणून तळमजल्यावरच्या काकू रेसिपी मागायला आल्या. सकाळी उठली की पोरीचे डोळे इतके सुजलेले असायचे की ती फटीतून बघायची, जशी आमच्या जुन्या गाडीची खिडकी, अर्धी अडकलेली. दुपारपर्यंत उतरायचे. सगळे म्हणायचे, झोप छान लागते वाटतं.

माझ्या सासूबाई रोज तिन्हीसांजेला तिची दृष्ट काढायच्या. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. त्या काळात आमच्या घरात इतक्या मिरच्या जळल्या की खाली पार्किंगमध्ये वॉचमन शिंकायचा. "नजर लागते गं बाळसं धरलेल्या पोरीला," त्या म्हणायच्या. "लोकांचे डोळे वाईट."

लोकांचे डोळे खरंच वाईट होते, त्यांना सूज दिसत नव्हती.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "ॲलर्जी." सिरप दिलं. पुन्हा नेली, पुन्हा ॲलर्जी, दुसऱ्या रंगाचं सिरप. त्यानंतर नेली तेव्हा म्हणाले, "मम्मी, तुम्ही जरा जास्तच टेन्शन घेता." त्यांनी एकदा खाली वाकून पोरीच्या पायाला बोट लावलं असतं, एकदा लघवी तपासायला सांगितली असती, तर माझं हे आख्खं प्रकरण निम्म्यात आटपलं असतं. मी रोज शेकडो माणसांच्या हातातलं तिकीट बघते. एकाचं सोडलं तर माझ्यावर मेमो. त्यांच्यावर कोण काढणार मेमो?

मोजे काढले की पोटरीवर करकचून दोरी बांधल्यासारखा वळ. चपला होईनात. शू केली की वर साबणाचा फेस. मी सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "मी फिनाईल टाकते ना, त्याचा आहे तो." मी त्या दिवशी रजा टाकली आणि पोरीला घेऊन ठाण्याला मुलांच्या हॉस्पिटलात गेले.

चिंचोका

तिथल्या किडनीच्या मॅडम. अंगानं एवढ्याशा आणि आवाज असा की ऐकायला मला श्वास रोखावा लागायचा. त्यांनी आर्वीला टेबलावर बसवलं आणि विचारलं, "सूज कधीपासून आहे?"

"सूज नाही मॅडम. लोक म्हणतात, अंगानं भरलीय."

"कोण लोक?"

"सगळेच."

मॅडमनी आर्वीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला. तो तसाच राहिला. त्यात चिंचोका ठेवला असता तर घरंगळला नसता. आर्वी वाकून बघायला लागली, आणि हसली. "आई, माझा पाय मातीचा झाला."

"हे अंग नाही," मॅडम म्हणाल्या. "हे पाणी आहे."

त्यांनी मला सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. किडनी म्हणजे गाळणी. घाण बाहेर सोडायची, कामाचं आत ठेवायचं. आर्वीच्या गाळणीची भोकं मोठी झालेली, आणि रक्तातली प्रथिनं शूवाटे चाललेली. ती गेली की पाणी रक्तात थांबत नाही, अंगात उतरतं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बहुतेक मुलांची गाळणी पुन्हा जाग्यावर येते. पुन्हा बिघडते, पुन्हा येते. मोठी होता होता बऱ्याच जणांचं हे सुटतं.

"म्हणजे किडनी जाणार नाही ना?"

"गोळ्यांना दाद दिली तर सहसा नाही. मला सध्या भीती दुसरी आहे." त्यांनी रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. "अँटिबॉडी. त्यासुद्धा प्रथिनंच. त्याही वाहून गेल्यात. हिची पातळी फार खाली आहे."

मग मला कळेल असं मीच विचारलं, "म्हणजे अंगातले तिकीट चेकर?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "बरोबर. कोण घरचा, कोण फुकट्या, ते ओळखणारे. आणि त्यात आपण जे स्टिरॉइड देणार, ते उरलेल्या चेकरनाही झोपवणार. त्यामुळे एक लक्षात ठेवा. कांजिण्यांपासून लांब. हिला त्याची लस दिलेली नाही, आणि डोस खाली येईपर्यंत आता देता येणार नाही. घरात, शाळेत, नात्यात कुठेही कांजिण्या आल्या आणि ही जवळ गेली, तर त्याच दिवशी मला कळवा. उद्या नाही. त्याच दिवशी."

मी मान हलवली. मला वाटलं, सोपं आहे. कांजिण्या काय, दिसतातच.

मीठ

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. सकाळी वजन, पोटाला टेप, दंडाला बीपीचा पट्टा, आणि शू एका मापाच्या भांड्यात. आर्वीचं वजन उतरलं की नर्स टाळ्या वाजवायच्या. जगात एवढीच एक जागा असेल जिथं पोर बारीक झालं की आनंद होतो.

आणि मीठ बंद. माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचा कोळीवाडा. आमच्याकडे बाळाच्या जिभेला मधाआधी सुक्या जवळ्याची चव लागते, असं मी म्हणते आणि माझी आई म्हणायची की खोटं आहे, जवळा नाही, बोंबील. त्या घरातल्या नातीला अळणी वरण-भात. ती ताटाकडे असं बघायची जसं पाऊस असताना कोणी गाडीच्या टपावर बसायला सांगावं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई लिंबू आणि ओली कोथिंबीर लावून मऊ भात करून आणायची, त्यातला निम्मा आम्हाला द्यायची. तिचे मी नीट आभारसुद्धा मानले नाहीत. मी तेव्हा सगळ्यांवर चिडलेली होते, त्यात तीही आली.

स्टिरॉइडनं भूक खवळली आणि गाल पुन्हा फुगले, या वेळी औषधानं. भेटायला आलेले म्हणाले, "बघा, तब्येत सुधारली!" मी म्हटलं, "सुधारली नाही, गोळ्यांनी सुजलीय." तर एक मावशी म्हणाल्या, "असू दे गं, गोड दिसते." तुमच्या पोरांचा पाय मोडला तर मी येऊन म्हणणार आहे, प्लास्टर काय छान पांढरंशुभ्र दिसतंय.

एक बेल, दोन बेल

घरी सोडताना नर्सनं मला काचेची नळी दिली आणि तपासणी शिकवली. सकाळची पहिली शू नळीत घ्यायची. वरचा भाग मेणबत्तीवर तापवायचा. दोन थेंब व्हिनेगर. पांढरं दही झालं तर प्रथिनं जातायत. पाण्यासारखं राहिलं तर गाळणी ठीक.

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "माझ्या स्वयंपाकघरात शू उकळणार?"

"मग काय हॉलमध्ये उकळू, पाहुण्यांसमोर?"

"अगं, तिथं देव्हारा आहे."

"आई, देवाला किडनी माहीत असणारच. त्यानंच बनवलीय."

दिनेश मध्ये. तो वागळे इस्टेटला लेथवर आहे. दिवसभर मशिनशी बोलतो, घरी आला की शब्द संपलेले असतात. त्यानं बाल्कनीत एक स्टूल ठेवलं, त्यावर मेणबत्ती, आणि आत निघून गेला. त्या स्टुलाला आमच्याकडे अजून 'लॅब' म्हणतात.

आर्वीला शू-बिशूचं काही वाटायचं नाही. तिनं त्याचा खेळ केला. माझ्याबरोबर गाडीत येऊन तिला बेलचं गणित पाठ होतं. एक बेल, गाडी थांबव. दोन बेल, चल. नळी ढगाळली की ती "टिंग" म्हणायची आणि तोंड पाडायची. नितळ राहिली की हवेतली दोरी दोनदा ओढायची. टिंग टिंग. मग मला ड्युटीवर जायची परवानगी. कितीतरी सकाळी टिंग टिंग झालं. माझा राग जरा निवायला लागला होता.

तेव्हा माझ्या वहिनीचा फोन आला.

वाढलेलं पान

सुगंधा वहिनी, माझ्या भावाची बायको. जीव लावणारी बाई, हे आधीच सांगते, कारण पुढे मला ते सांगायची इच्छा राहणार नाही. फोन माझ्या सासूबाईंनी घेतला, मी ड्युटीवर होते. "घरात देवीचं जेवण हाय. लहान पोरी जेवायला घालायच्यात. आमच्या आर्वीला घेऊन या."

देवीचं जेवण म्हणजे काय, कशासाठी, ते तिनं सांगितलं नाही. आणि इथं आमच्या माहेरची रीत कळायला हवी. आमच्याकडे कांजिण्यांचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की देवीला राग येतो. 'पाहुण्या आल्यात' म्हणायचं, तेही घरच्या घरात. औषध नाही, फोडणी नाही, दारात कडुनिंब. पाहुण्या निघाल्या की पोराला निंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची, त्याला पाटावर बसवायचं, आणि दोन्ही बाजूंना लहान मुली बसवून दहीभात वाढायचा. आणि सुगंधा वहिनीला कोणीतरी शिकवलेलं होतं की या जेवणाला बसणाऱ्या पोरींना पाहुण्यांची कृपा लागते. म्हणजे त्यांनाही लहानपणीच येऊन जातात आणि पोरी मोकळ्या होतात.

मी संध्याकाळी घरी आले, तोवर सासूबाई आर्वीला तिथं जेवायला घेऊन जाऊन परतही आल्या होत्या. आर्वी म्हणाली, "आई, यशदादाच्या अंगावर टिकल्या आहेत. त्यावर मामीनं गुलाबी पावडर लावलीय." यश म्हणजे माझा भाचा.

"कसल्या टिकल्या?"

"पाण्याच्या. काही काही फुटल्यात. मामीनं मला त्याच्या उजव्या हाताला बसवलं. ती जागा सगळ्यांत चांगली असते."

माझ्या खांद्याला तिकिटाचं मशीन अजून लटकत होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या भाजी निवडत होत्या आणि निवडतच राहिल्या.

"आई, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"पान वाढलेलं होतं गं." त्यांनी खाली बघूनच सांगितलं. "वाढलेल्या पानावरून पोरीला उठवू? त्यांच्या दारात, देवीसमोर? काय म्हणाले असते ते?"

मी जे बोलले ते इथं छापता येणार नाही. आमच्या डेपोतले जुने ड्रायव्हर ते ऐकून माळकरी झाले असते. दिनेश म्हणाला, "आईला बोलू नकोस." मग त्यालाही बोलले. मग वहिनीला फोन लावला.

"वहिनी, यशला काय झालंय?"

"काय नाय गो. पाहुण्या आलेल्या, निघाल्या."

"कांजिण्या आहेत ना?"

"बाय, नाव नको घेऊ!"

"मी नाव घेणार, आडनाव घेणार, पत्ता पण घेणार! कांजिण्या, कांजिण्या, कांजिण्या! तुला सांगितलं नव्हतं, हिच्या अंगात लढायला काही उरलेलं नाही?"

"म्हणून तं बसवली! एकदा येऊन गेल्या की पोर मोकळी. तुझा राग पोरीला लागंल बघ."

म्हणजे पोरीला रोग देणार ती, आणि लागणार माझा राग. मी फोन आपटला. काचेला तडा गेला, अजून आहे. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आत्ता निघा."

अनोळखी माणसं

रक्त घेतलं. मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकूण अँटिबॉडी कमीच आहेत. कांजिण्यांविरुद्धच्या तर नाहीतच." फुकटे गाडीत चढलेत आणि चेकर एकही नाही. मी कंडक्टर असून माझ्याच पोरीच्या अंगात ही स्थिती.

"काय होऊ शकतं?" दिनेशनं विचारलं. त्या आठवड्यातलं त्याचं ते दुसरं वाक्य.

मॅडम सरळ बोलणाऱ्या. फुप्फुसात जाऊ शकतं, मेंदूत जाऊ शकतं, म्हणाल्या. धडधाकट पोराला ज्याची खाज सुटते, त्यानं हिचा जीव जाऊ शकतो. आणि निभावलं तरी किडनीचा आजार उलटू शकतो. "तिच्याकडे अँटिबॉडी नाहीत तर आपण दुसऱ्यांच्या देऊ."

बाटली आली. त्यात कितीतरी माणसांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडी होत्या, ज्यांची नावं त्यांना माहीत नाहीत आणि मलाही नाहीत. थेंब थेंब हळूहळू जात होत्या. आर्वीनं विचारलं, "आई, यात कोण आहे?"

"लोक आहेत."

"ओळखीचे?"

"नाही. म्हणूनच उपयोगाचे आहेत."

मी त्या बाटलीकडे बघत बसले आणि मला रडू आलं ते रागानं आलं. नाव-गाव माहीत नसलेली माणसं न विचारता माझ्या पोरीसाठी रक्त देऊन गेली होती, आणि नात्यातल्या माणसांना एक शब्द तोंडातून काढता आला नाही.

मग वाट बघणं. लागण झाली तरी फोड यायला दोन-तीन आठवडे जातात, औषधानं त्याहून उशीरही होतो. मी रोज तिला उघडी करून उजेडात तपासायची, जशी पोलीस नाक्यावर गाडी तपासतात. डास चावला की माझं काळीज डोंबिवलीवरून कल्याणला जाऊन परत यायचं. सासूबाईंशी मी बोलत नव्हते. बोलायचं झालं तर आर्वीमार्फत. "आजीला सांग, भात झालाय." आर्वी दोन फुटांवरून ओरडायची, "आजी, भात झालाय!" आजी म्हणायच्या, "आईला सांग, ऐकलं."

आणि एका सकाळी कानामागे एक फोड दिसला. मग मानेवर, पोटावर. त्याच सकाळी लॅबमधली नळी तापवली, आणि दह्याची कवडी जमली. आर्वीनं दोरी एकदाच ओढली.

बंद खोली

या वेळी वॉर्ड नाही, वेगळी खोली, दार बंद. इतर पोरांना लागू नये म्हणून. शिरेतून औषध. मी तिथं तिच्याबरोबर, बाहेरून डबा यायचा आणि दाराशी ठेवला जायचा. ताप चढला की ती बडबडायची. एकदा म्हणाली, "आई, मी उठू का पानावरून?" मी म्हटलं, "ऊठ बाळा. कधीही ऊठ." तिला ते ऐकू गेलं नाही.

देवाला मी त्या खोलीत काय काय बोलले ते देवाला माहीत. नवस केला नाही. तक्रार केली.

फोड थोडेच आले. मॅडम रोज मोजायच्या, रोज छातीला नळी लावायच्या, आणि एके दिवशी म्हणाल्या, "नवे नाहीत." बाटलीतल्या माणसांनी काम केलं होतं. फुप्फुसं वाचली, डोकं वाचलं. किडनीचं मात्र उलटलं होतं, त्यामुळे गोळ्यांचा मोठा डोस पुन्हा पहिल्यापासून. गाल पुन्हा पहिल्यापासून. कौतुक पुन्हा पहिल्यापासून.

घरी आलो तर बाल्कनीत स्टूल नव्हतं. मी शोधायला लागले. सासूबाईंनी ते उचलून स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारी, देव्हाऱ्यासमोर आणून ठेवलं होतं. मेणबत्ती पेटवलेली. त्यांनी माझ्या हातून नळी घेतली, स्वतः तापवली, आणि उजेडासमोर धरली. ढगाळ होती. "उद्या बघू," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, आर्वीमार्फत नाही.

त्या उद्याला बराच काळ लागला. पण एक दिवस नळी नितळ निघाली.

जिंकली ती

आता माझ्या रागाचं सगळ्यांत मोठं कारण सांगते. काही महिन्यांनी मॅडमनी पुन्हा अँटिबॉडी तपासल्या. एकूण पातळी वर आलेली. आणि कांजिण्यांविरुद्धच्या? आता आर्वीच्या स्वतःच्या होत्या. चांगल्या होत्या.

ही बातमी कोळीवाड्यात माझ्या आधी पोचली. वहिनीचा फोन. "बघ गो! मी सांगत नव्हते? येऊन गेल्या, मोकळी झाली! आता जन्मभराची चिंता नाय."

आणि नातेवाईक, सगळेच्या सगळे, म्हणाले, "झालं ना शेवटी चांगलं. सोड आता."

तुम्हीच सांगा. ब्रेक फेल झालेली गाडी नशिबानं घाटाखाली धडधाकट पोचली, म्हणून काय सगळ्या गाड्यांचे ब्रेक काढून ठेवायचे? रिपोर्टवर अँटिबॉडी छापून आल्या. बंद खोली छापून आली नाही. पोरीच्या तापातलं ते वाक्य छापून आलं नाही. आणि पुन्हा सुरू झालेल्या गोळ्या, त्यांनी खुंटलेली उंची, शाळेतून गेलेलं वर्ष, यांची पातळी कुठल्या लॅबमध्ये मोजून मिळते?

तेव्हा वाचणाऱ्या आईबापांनो, दोन गोष्टी. तुमच्या पोराचे गाल अचानक भरले तर कौतुक ऐकू नका, नडगीवर अंगठा दाबा आणि लघवी तपासा. आणि घरात असं पोर असेल तर प्रत्येक दारात थांबून विचारा, मोठ्यानं, नाव घेऊन. पाहुण्या-बिहुण्या नाही. लोक रागावतील. रागावू द्या. माझा राग वापरा हवा तर, माझ्याकडे भरपूर आहे.

पुन्हा पान

नवरात्रात वहिनीनं पुन्हा बोलावलं. लहान पोरी जेवायला. मी म्हटलं, मेले तरी जाणार नाही. पण आर्वीला यशदादाशी खेळायचं होतं, आणि त्या जेवणात खीर असते, खिरीत मीठ नसतं. डोस तोवर बराच खाली आलेला. मॅडम म्हणाल्या, जाऊ द्या, पण विचारून जा. कांजिण्या झाल्या म्हणून बाकीचे ताप सुटले असं नाही.

सासूबाईही आल्या. न बोलावता.

वहिनीच्या दारात रांगोळी, आत पाटांची रांग, पानं वाढून तयार. खिरीचा वास गल्लीपर्यंत आलेला. कोळीवाड्यातल्या निम्म्या बाया आत बसलेल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आर्वी माझ्या हातातून सुटली. उंबऱ्यावर उभी राहिली. एक हात चौकटीला, जसा मी गाडीच्या दांडीला लावते. आणि जो आवाज तिनं काढला, तो खाडीपलीकडे कळव्याला पोचला असणार. हे मी वाढवून सांगत नाहीये.

"थांबाऽऽ! कांजिण्या, गोवर, ताप, खोकला, कोणाकोणाला आहे? आत्ताच सांगा! गाडी सुटल्यावर सांगायचं नाही!"

आतल्या म्हाताऱ्यांचे हात कानांवर गेले. त्या घरात तो शब्द मोठ्यानं कोणी उच्चारला नव्हता. एकीनं माझ्याकडे बघितलं, ही काय शिकवण, अशा नजरेनं. मी तिच्याकडे परत बघितलं.

वहिनी खिरीचा डाव हातात घेऊन उभी होती. तिनं आत बघितलं, मग आर्वीकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा लाल झाला.

"माझ्या बहिणीच्या पोरीला सकाळधरनं ताप हाय," ती म्हणाली. अगदी हळू. "आत निजवलीय. मी कोणाला बोलले नव्हते."

आर्वीचं पान पहिल्या पाटासमोर होतं, उजव्या हाताला, त्याच चांगल्या जागी. दहीभात, खीर, वर तुपाची धार.

माझा राग गेला का? नाही. तो पुढच्या गाडीनंही जाणार नाही. वहिनी खरं बोलली म्हणून मी तिला मिठी मारली, असंही काही झालं नाही.

पण माझ्या आधी सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी आर्वीचा हात धरला.

"चला," त्या म्हणाल्या. "वाढलेलं राहू दे."

आर्वीनं खिरीकडे एकदा बघितलं. मोठा श्वास घेतला. मग दुसऱ्या हातानं हवेतली दोरी धरली आणि दोनदा ओढली.

टिंग टिंग.